सावलीतली नोकरी
(एस. वाय. बी. ए.)

दीड वर्षापूर्वी मी एका जिममध्ये कामाला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात बाबांना कामाचे स्वरूप समजावून सांगितले. सकाळी साडेपाच ते साडेनऊ. लोक व्यायाम करून जातात आणि लोखंडी प्लेटा दांडीला तशाच सोडून जातात. त्या काढायच्या, वजनाप्रमाणे लावून ठेवायच्या, बेंच पुसायचे, आरशांवरचे हातांचे ठसे घालवायचे. महिना सहा हजार. बाबांनी सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, "मंजी लोक पैशे भरून वझं उचलत्यात व्हय?" मी हो म्हटले. "आन् तू त्येंच्या मागं हमाली करतूस?" तेही खरेच होते. ते बराच वेळ हसत राहिले. मग थांबून म्हणाले, "ऊन तर लागत न्हाई न्हवं?" मी म्हटले, "एसी आहे." "मग बेस हाय," असे म्हणून त्यांनी विषय संपवला.

माझे वडील पुण्याच्या मार्केट यार्डात हमाल आहेत. सोलापूर जिल्ह्यातून दुष्काळात आले ते इथलेच झाले. आमच्या घराण्यात दहावीची पायरी ओलांडणारा मी पहिला. कोणती नोकरी चांगली आणि कोणती वाईट याची आमच्या घरातली प्रतवारी एकाच गोष्टीवरून ठरते : काम उन्हातले आहे की सावलीतले. तलाठी सावलीत बसतो, मास्तर सावलीत बसतो, बँकेतला शिपाईसुद्धा सावलीत उभा असतो. तेव्हा काचेच्या दारांची, थंड हवेची, गाणी लागलेली ही जागा आमच्या वस्तीच्या हिशेबाने फार वरची. मीही सुरुवातीचे तीन-चार महिने तसेच समजत होतो. आज मात्र मला वाटते की हा हिशेब एकदा नव्याने मांडावा लागेल. म्हणून हा लेखप्रपंच.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळजण जिमला जातात. आमच्याच वर्गातले चौघे शिक्षण झाल्यावर ट्रेनर व्हायचे म्हणतात. तुम्ही ज्या बाजूने आरशात पाहता त्याच्या पलीकडच्या बाजूला काय चालते ते तुम्हाला सहसा दिसत नाही. दिसावे असेही कोणाला वाटत नाही.

आमच्या जिममध्ये आम्ही चौदाजण आहोत. ट्रेनर, स्वागतकक्षातल्या दोन ताई, झाडूफरशीच्या मावशी, मॅनेजर आणि माझ्यासारखी दोन मुले. ट्रेनरांतले जे सर्वांत जुने त्यांना मी दादा म्हणतो. ते मूळचे पैलवान. तालमीत वाढले, जिल्ह्याच्या कुस्त्या केल्या, गुडघा गेला, मग पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम केला आणि या व्यवसायात आले. सभासद त्यांना 'सर' म्हणतात. मालकांनाही 'सर' म्हणतात. फरक एवढाच की एका सरांना बसायला खुर्ची आहे.

हा विनोद नाही. व्यायामाच्या दालनात नोकराने बसायचे नाही असा आमच्याकडे नियमच आहे. बसलेला ट्रेनर आळशी दिसतो म्हणे! बसण्यासारखे तिथे जे काही आहे ते बेंच, आणि त्यांवर सभासद आडवे झालेले असतात. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या नोकरांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला, हे मी वाचले तेव्हा मला आधी हसू आले. बसायलाही कायदा लागतो! मग संध्याकाळी दादांचे सुजलेले घोटे पाहिले आणि हसू गेले.

परंतु उभे राहणे ही त्यातल्या त्यात लहान गोष्ट. खरे दुखणे वेळेचे आहे.

जिमचा धंदा माणसांच्या कामाच्या आधी आणि कामाच्या नंतर चालतो. म्हणजे पहाटे साडेपाच ते दहा गर्दी, आणि संध्याकाळी पाच ते साडेनऊ गर्दी. मधल्या वेळात दालन रिकामे. मालक म्हणतात, तुमचे काम नऊच तासांचे. बरोबर आहे, नऊच तासांचे. पण ते नऊ तास सोळा तासांच्या दोन टोकांना बांधलेले आहेत. दादा मांजरीला राहतात. दहाला सुटून घरी जायचे, जेवायचे आणि चारला परत निघायचे, तर पेट्रोल परवडत नाही. म्हणून ते जात नाहीत. पूर्वी दुपारी योगाच्या खोलीत चटई टाकून झोपायचे. एकदा कॅमेऱ्यात ते मॅनेजरबाईंना दिसले आणि ती खोली दुपारी कुलूपबंद झाली. एसी तर सभासद नसताना बंदच असतो. आता ते पर्वतीच्या पायथ्याला झाडाखाली झोपतात. पावसाळ्यात एका ओळखीच्या मोबाईलच्या दुकानात मागच्या बाजूला बसून राहतात. मुलगी शाळेत जाते तेव्हा ते जिममध्ये असतात आणि ती झोपते तेव्हाही जिममध्येच. रविवारी ती त्यांना पाहुणा आल्यासारखे वागवते, असे ते एकदा म्हणाले आणि लगेच दुसऱ्या विषयावर गेले.

आमच्या मानसशास्त्राच्या सरांनी या वर्षी हर्झबर्ग शिकवला. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्गच्या आसपासच्या सुमारे दोनशे अभियंत्यांच्या आणि हिशेबनिसांच्या मुलाखती घेऊन १९५९ मध्ये एक पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : कामातले समाधान आणि कामातले असमाधान ही एकाच तराजूची दोन पारडी नव्हेत, ते दोन वेगळे तराजू आहेत. पगार, वरिष्ठांची वागणूक, कामाची जागा, नोकरीची शाश्वती या गोष्टी नसल्या की माणूस असमाधानी होतो. पण त्या मिळाल्या म्हणून समाधानी होतोच असे नाही. समाधान येते ते कामातून, काही साधल्यातून, कोणी दखल घेतल्यातून. वर्गात हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर दादाच उभे होते.

कारण दादांना त्यांचे काम मनापासून आवडते. यात शंका नको. गेल्या वर्षी आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका येऊ लागल्या. गुडघ्यांनी बेजार, जिना उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरायच्या. दादांनी त्यांना सहा महिने खुर्चीवरून उठायला आणि बसायला शिकवले, दुसरे काही नाही. हातात काठी, मग काठीशिवाय, मग हातात दोन किलोचे वजन. दादांचा स्वतःचा गुडघा गेलेला, त्यामुळे कुठे दुखते ते त्यांना सांगावे लागत नाही. एके दिवशी बाई पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या चढून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आल्या. दादांनी त्या दिवशी ही हकिगत मला तीनदा सांगितली. मावशींना सांगितली. पाण्याचे जार टाकायला आलेल्या माणसालाही सांगितली! पुढे बाईंचा फोटो मोठा करून भिंतीवर लागला. खाली जिमचे नाव. दादांचे नाव त्यात नाही.

आता माझे मत सांगतो, आणि ते हर्झबर्गच्या पुढचे आहे असे सरांनी समजू नये. मला वाटते, आमच्या या धंद्यात एक तराजू दुसऱ्याच्या आड लपवलेला आहे. ट्रेनरला काम आवडते हे मालकाला ठाऊक असते. मग पगाराचा विषय निघाला की उत्तर तयार असते : "तुम्ही तर पॅशनने करता." हा शब्द मी इतक्यांदा ऐकला आहे की कधीकधी वाटते, तो पगारपत्रकातला एक रकानाच असावा. एखाद्या हमालाला कोणी म्हणत नाही की तुला पोती उचलायची आवड आहे, तेव्हा चार रुपये कमी घे. नर्सला म्हणतात, बालवाडीच्या ताईला म्हणतात, आणि ट्रेनरला म्हणतात.

पगाराची व्यवस्था बाहेरच्या माणसाला सहज कळणार नाही, म्हणून थोडी सांगतो. दालनात फिरून सर्वांना दाखवणाऱ्या ट्रेनरला बांधील पगार असतो आणि तो अगदी बेताचा असतो. खरी मिळकत व्हायची ती 'पर्सनल'मधून, म्हणजे एका सभासदाला वेगळे पैसे घेऊन स्वतंत्र शिकवण्यातून. त्यातला वाटा जिमचा, वाटा ट्रेनरचा. वाटा किती हे तोंडी ठरलेले असते आणि तोंडीच बदलते. दर महिन्याला किती 'पर्सनल' आणायची याचे टार्गेट असते. ते भरले नाही तर वाट्याची टक्केवारी खाली येते. त्यामुळे होते काय, की नवा सभासद दारातून आत आला की चार ट्रेनर त्याच्याकडे पाहतात, आणि त्या पाहण्यात त्याच्या पाठीचे पोक कोणालाच दिसत नाही. एकाने दुसऱ्याचा माणूस ओढला म्हणून भांडणे होतात. मागच्या दिवाळीत दोघेजण, जे एकाच गाडीवरून कामाला यायचे, ते वेगवेगळे येऊ लागले. शिवाय पावडरीचे डबे विकायचे. दादांना ते जमत नाही. ते लोकांना सरळ सांगतात, घरी डाळ आणि अंडी खा. या प्रामाणिकपणाची किंमत त्यांना दर महिन्याला मोजावी लागते.

स्वागतकक्षातल्या ताईंची गोष्ट वेगळीच. त्यांचे काम हसण्याचे. आर्ली हॉकशिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये विमानातल्या सेविकांवर पुस्तक लिहिले. भावनासुद्धा नोकरीत विकावी लागते आणि तेही श्रमच आहेत, असा त्यांचा सिद्धान्त. आमच्या ताईंनी ते पुस्तक वाचलेले नाही. पण संध्याकाळी साडेनऊला त्या आरशासमोर उभ्या राहून गाल चोळतात तेव्हा तो सिद्धान्त मला दिसतो. रात्री अकराला सभासदांचे निरोप मोबाईलवर येतात. काहींना आहार विचारायचा असतो, काहींना आणखी काही. एका ट्रेनर ताईंनी तक्रार केली तेव्हा "क्लायंट आहे, जरा सांभाळून घे" एवढेच उत्तर मिळाले. कामाच्या जागी बाहेरच्या माणसाने त्रास दिला तरी २०१३ चा कायदा लागू होतो आणि दहा किंवा अधिक माणसे जिथे काम करतात तिथे तक्रार समिती असावी लागते. आम्ही चौदाजण. आमच्याकडे समिती नाही. समिती म्हणजे काय हे मॅनेजरबाईंनाच मला सांगावे लागले, आणि ते त्यांना आवडले नाही. ताई महिनाभरात सोडून गेल्या.

स्नेहसंमेलनात यंदा एका पाहुण्यांचे फार सुंदर भाषण झाले. विषय होता आपली तालीम संस्कृती. ते म्हणाले, जिम आल्या आणि माती गेली. मातीबरोबर वस्ताद गेला आणि वस्तादाबरोबर संस्कार गेले. टाळ्या खूप पडल्या. मीही वाजवल्या. पण घरी येताना सायकलवर विचार करू लागलो.

तालमीत एक गोष्ट खरोखर चांगली होती आणि ती दादांनी मला सांगितली आहे. हौदातली माती कुदळीने खणावी लागते, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मऊ ठेवावी लागते. ही माती पठ्ठेच खणतात. मोठा पैलवान असो की कालचा पोर, कुदळ सर्वांच्या हातात येते आणि तोच पहिला व्यायाम समजतात. म्हणजे तिथे झाडणारा वेगळा आणि कुस्ती करणारा वेगळा असा भेद नाही. आमच्या जिममध्ये वीस किलोची प्लेट लावणारा एक आणि काढणारा दुसरा. लावणाऱ्याला आरोग्य मिळते, काढणाऱ्याला सहा हजार. एका सकाळी मी मोजून पाहिले : वीस किलोच्या शंभर प्लेटा मी जागेवर लावल्या. दोन हजार किलो. बाबांच्या हिशेबाने पन्नासची चाळीस पोती! त्या रात्री आम्ही दोघे एकमेकांकडे पाहून जरा जास्तच खूष होतो.

पण पाहुणे जे बोलले नाहीत तेही बोलले पाहिजे. वस्तादाला पगार नव्हता. गुरुपौर्णिमेला नारळ आणि टॉवेल होता. मल्लांना आश्रय होता तो राजांचा. शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागचे मैदान बांधले, १९१२ मध्ये ते खुले झाले, दूरदूरचे पैलवान त्यांनी पोसले. हे सगळे थोर आहेच. पण संस्थाने गेली आणि खुराक गेला. म्हातारपणी मोडलेले कान आणि मोडलेली कंबर घेऊन बसलेले पैलवान दादांच्या गावात त्यांनी पाहिलेले आहेत. आणि तालमीच्या उंबऱ्याच्या आत बाईने पाऊल टाकायचे नव्हते. आज आमच्या जिममध्ये सकाळी निम्म्या बाया असतात. तेव्हा माती विरुद्ध मशीन असा वाद घालून माझ्या मते काही निष्पन्न होत नाही. शिकवणाऱ्याचे पोट कशावर चालते, हा प्रश्न मातीलाही विचारला नव्हता आणि मशीनलाही विचारलेला नाही. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ काढले, अमरावतीला वैद्य बंधूंनी त्याआधी दहा वर्षे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. या संस्था ध्येयातून उभ्या राहिल्या. ध्येय संस्थेचे असते तेव्हा ठीक आहे. धंदा मालकाचा आणि ध्येय नोकराचे, ही वाटणी मात्र मला पटत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

गेल्या जुलैत दादा एका सभासदाला दांडी उचलताना मागून आधार देत होते. सभासदाचा हात सटकला. दादांनी दांडी अडवली म्हणून त्याची छाती वाचली. दादांची कंबर मात्र गेली. अकरा दिवस ते घरी पडून होते. अकरा दिवसांचा पगार कापला गेला, औषधाचे पैसे त्यांचे त्यांनी भरले आणि या काळात त्यांच्या दोन 'पर्सनल' दुसऱ्याकडे गेल्या. मालक वाईट माणूस नाही. फोन करून चौकशी केली, फळेही पाठवली. पण हिशेब हिशेबाच्या जागी राहिला. दादांकडे नेमणुकीचा कागद नाही. आमच्यापैकी कोणाकडेच नाही.

माझ्या बाबांच्या पायावर तीन वर्षांपूर्वी पोते पडले होते. घोट्याचे हाड मोडले. तेव्हा मी बारावीत होतो आणि आता आपले शिक्षण संपले असे धरून चाललो होतो. पण बाबा माथाडी मंडळात नोंदलेले आहेत. भरपाईचे पैसे आले. उशिरा आले, चार हेलपाटे घातल्यावर आले, एकदा तर फॉर्मवर सही कुठे करायची यावरून अर्धा दिवस गेला, पण आले. माझी फी त्यातूनच भरली गेली. हे कसे झाले? १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्याच्यामागे मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी आणि पुण्यात बाबा आढावांनी उभे केलेले लढे होते. हमालाला एक मालक नसतो, आज या गाळ्यावर तर उद्या त्या. म्हणून मंडळ मधे आले. व्यापारी मजुरी आणि तिच्यावर लेव्ही मंडळात भरतो, आणि त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस, भरपाई निघते. पूर्वी पोते शंभर किलोचे असायचे, तेही भांडून पन्नासवर आले. बाबा दुपारी हमाल पंचायतीच्या 'कष्टाची भाकर' केंद्रावर जेवतात. १९७४ पासून ते चालू आहे. तिथे बाकावर बसून, गरम जेवतात. दादा कोठीच्या खोलीत उभ्याने डब्यातली उकडलेली अंडी खातात, कारण दालनात वास येतो.

म्हणजे पाहा! वजन उचलणाऱ्या माणसाच्या पाठीशी पन्नासहून अधिक वर्षांचा कायदा उभा आहे, आणि वजन कसे उचलावे हे शिकवणाऱ्याच्या पाठीशी कोणी नाही. बाबा उन्हात आहेत, दादा सावलीत. दोघांतला कोण सुरक्षित?

कोणी म्हणेल की दुकाने व आस्थापनांचा कायदा आहेच. आहे. २०१७ च्या या कायद्यात दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, जादा कामाला दुप्पट वेतन असे लिहिले गेले. आणि आमच्या दृष्टीने फार महत्त्वाचे म्हणजे, कामावर येण्यापासून सुटेपर्यंतचा एकंदर काळ साडेदहा तासांहून जास्त नसावा असेही. साडेपाच ते साडेनऊ म्हणजे सोळा तास. पण सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यात बदल मंजूर केले. नऊचे दहा तास, साडेदहाचे बारा, आणि मुख्य तरतुदी दहाऐवजी वीस किंवा अधिक कामगार असतील तिथेच. आम्ही किती? चौदा! नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या तेव्हा प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे सक्तीचे, असे सरकारने जाहीर केले. मी ते कात्रण दादांना दाखवले. त्यांनी ते घडी घालून पाकिटात ठेवले. पुढे काय झाले ते मी विचारले नाही.

मालकांची बाजूही मला दिसते, ती न मांडणे अन्यायाचे होईल. जागेचे भाडे जबर आहे. मशिने कर्जावर आहेत. जानेवारीत लोक वर्षाचे पैसे भरतात आणि होळीपर्यंत निम्मे येईनासे होतात. खरे सांगायचे तर जे येत नाहीत त्यांच्याच पैशावर जिम चालते. भरलेले सगळे एका दिवशी आले तर दारही उघडता येणार नाही. शेजारी नवी जिम निघाली की दर पाडावे लागतात. टाळेबंदीत तर धंदाच बुडाला होता. मार्च २०२० ला बंद झालेल्या जिम महाराष्ट्रात उघडल्या त्या २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, आणि पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाल्या. त्या काळात मालकांनी हप्ते कसे भरले ते त्यांनाच ठाऊक. दादांनी मांजरीच्या रस्त्यावर कांदे-बटाटे विकले. "लोक ओळखू नयेत म्हणून मास्क बरा होता," असे ते म्हणतात.

तरीही माझे म्हणणे असे की यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागत नाही. सकाळची माणसे वेगळी आणि संध्याकाळची वेगळी ठेवली, तर तास तेवढेच राहतात आणि माणसाला आपले घर परत मिळते. कोपऱ्यात दोन स्टुले ठेवायला किती खर्च येतो? 'पर्सनल'चा वाटा कागदावर लिहून द्यायला तर शाईच लागते. दुपारी एक खोली उघडी ठेवायची. आणि आपण जे सभासद आहोत, त्यांनी आपल्या प्लेटा आपण काढून ठेवायच्या. हा शेवटचा मुद्दा मी स्वार्थापोटी लिहितो आहे हे कबूल करतो.

हे सगळे आता लिहिण्याचे कारण माझ्यापुरते आहे. जानेवारीत मालकांनी मला बोलावून घेतले. म्हणाले, "तुझी बॉडी बरी झालीये, बोलतोस चांगला, मुलांशी पटतं. दोन्ही वेळ ये. कोर्स आम्ही करवून घेऊ. फ्लोअर ट्रेनर म्हणून चौदा हजारांपासून." कॉलेजचे विचारले तर म्हणाले, "मधल्या वेळात कर ना." मधला वेळ म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. दहा वाजून दहाला आमचा पहिला तास असतो, आणि दहापर्यंत जिम. उपस्थिती भरणार नाही, मग परीक्षा बाहेरून द्यावी लागेल.

घरी सांगितले तेव्हा आई लगेच म्हणाली, घे. चौदा हजार म्हणजे बहिणीच्या बारावीच्या क्लासची फी. बाबा काही बोलले नाहीत. मी त्यांना दादांच्या कमरेची हकिगत सांगितली, अकरा दिवसांच्या पगाराची सांगितली. त्यांचा विश्वास बसेना. "एवढ्या मोठ्या काचंच्या दुकानात?" असे त्यांनी दोनदा विचारले. मग उठून पेटी उघडली आणि तळातून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले मंडळाचे कार्ड काढून माझ्यासमोर ठेवले. त्यांना वाचता येत नाही. कार्डावरच्या शिक्क्यावर बोट ठेवून म्हणाले, "आसं कायतरी देत्यात का इचार."

एक तारखेला मी विचारले. नेमणुकीचा कागद, त्यात तास, पगार, वाटा, आणि दुखापत झाल्यास काय, एवढे लिहून मिळेल का? मालकांनी माझ्याकडे पाहिले, मग मॅनेजरबाईंकडे पाहिले. "आर्ट्सला आहेस ना तू?" असे विचारून हसले. मार्चनंतर बघू, असे उत्तर मिळाले आहे. निघताना दादा दारातच उभे होते. ते ऐकत होते की नाही ते मला कळले नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच कागदाचे काय झाले म्हणून विचारू लागले, आणि त्यांच्यामागे आणखी दोघे. तोवर माझी पहाटेची पाळी चालूच आहे.